सायकलने कामावर जाणारे वाढले का? इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेचे एक प्रकरण

ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2014 मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध केले. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2011 च्या जनगणनेच्या वेळी 7 लाख 41 हजार लोक सायकलने कामावर जात होते, तर दहा वर्षांपूर्वी, 2001 मध्ये, हाच आकडा सुमारे 6 लाख 51 हजार होता, असे त्यात नोंदवलेले होते. म्हणजे दहा वर्षांत 90 हजारांची भर पडली. त्याच विश्लेषणात हेही नमूद होते की काम करणाऱ्या एकूण लोकांमध्ये सायकलस्वारांचा वाटा 2001 मध्ये 2.8 टक्के होता आणि 2011 मध्येही तो 2.8 टक्केच राहिला. ज्याला सायकल वाढल्याची बातमी द्यायची होती त्याला पहिला आकडा पुरेसा होता आणि ज्याला सायकलवरचा खर्च वाया गेल्याचे सांगायचे होते त्याला दुसरा. दोन्ही आकडे खरे आहेत, आणि म्हणूनच सायकलने कामावर जाणाऱ्यांचे प्रमाण वाढते आहे का, या सतत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाची छाननी करण्यासाठी हे प्रकरण मला इतर कोणत्याही शहराच्या यशोगाथेपेक्षा अधिक उपयोगी वाटते.

दोन आकड्यांमधली वरवरची विसंगती उलगडणे अवघड नाही. या दहा वर्षांत काम करणाऱ्यांची संख्याच 2 कोटी 36 लाखांवरून 2 कोटी 65 लाखांवर गेली, म्हणजे जवळपास 12 टक्क्यांनी वाढली. सायकलस्वार सुमारे 14 टक्क्यांनी वाढले. काम करणारे एकूण लोक आणि त्यांतले सायकलस्वार जवळजवळ सारख्याच वेगाने वाढले, तर वाटा जागच्या जागी राहणार हे उघड आहे. इथे थांबले, तर लोकसंख्या वाढली म्हणून सायकलस्वारही वाढले, सवयी मात्र बदलल्या नाहीत, असा निष्कर्ष निघतो, आणि तो चुकीचा आहे.

चूक दिसते ती आकडे भौगोलिकदृष्ट्या सुटे केल्यावर. लंडनमध्ये सायकलने कामावर जाणारे 2001 मध्ये 77 हजार होते आणि 2011 मध्ये 1 लाख 55 हजार, म्हणजे दुप्पट. संपूर्ण इंग्लंड आणि वेल्समधील 90 हजारांच्या वाढीपैकी 78 हजारांची वाढ एकट्या लंडनची आहे. उरलेल्या सगळ्या प्रदेशाच्या वाट्याला दहा वर्षांत जेमतेम 12 हजारांची भर आली. तिथे आधीच पावणेसहा लाखांच्या घरात सायकलस्वार होते, त्यामुळे ही वाढ दोन टक्क्यांच्या आसपास भरते. त्याच प्रदेशात काम करणारे लोक मात्र सुमारे 11 टक्क्यांनी वाढले. लंडन वगळले तर सायकलचा वाटा 2.8 टक्क्यांवरून 2.6 टक्क्यांच्या आसपास घसरला, आणि लंडनमध्ये तो 2.3 टक्क्यांवरून 3.9 टक्क्यांपर्यंत चढला. स्थिर दिसणारा 2.8 हा आकडा म्हणजे एकमेकांच्या उलट दिशेने चाललेल्या दोन हालचालींची बेरीज होती.

लंडनबाहेरही चित्र एकसारखे नव्हते. ब्रिस्टल, ब्रायटन, मँचेस्टर, न्यूकॅसल आणि शेफील्ड या शहरांत सायकलने कामावर जाणारे ठळकपणे वाढले. केंब्रिजमध्ये तर 2011 मध्ये काम करणाऱ्या रहिवाशांपैकी 29 टक्के लोक सायकलने कामावर जात होते. ते शहर या यादीत इतके वरचे आणि इतके वेगळे आहे की त्याच्याकडे बोट दाखवून इतर शहरांना उपदेश करण्यात फारसा अर्थ नाही. सपाट जमीन, आटोपशीर विस्तार, विद्यापीठाचे वर्चस्व आणि मोटारीला मुळातच अडचणीचे असलेले जुने रस्ते हे सगळे एका ठिकाणी क्वचितच जुळून येते. याउलट हलसारख्या, सपाट जमिनीच्या आणि जुन्या सायकल-परंपरेच्या औद्योगिक शहरात याच काळात घट झाली.

एकाच चौकटीत एकच खूण

पुढे जाण्यापूर्वी हे आकडे ज्या प्रश्नातून आले तो प्रश्न जवळून पाहणे आवश्यक आहे. जनगणनेच्या छापील अर्जात विचारले होते की तुम्ही सहसा कामावर कसे जाता. त्याखाली वाहनांची यादी होती, प्रत्येकापुढे एक चौकट होती, आणि सूचना दोन होत्या: केवळ एकाच चौकटीत खूण करावी, आणि नेहमीच्या प्रवासातील अंतराच्या दृष्टीने सर्वांत लांब टप्पा ज्या साधनाने होतो त्याच साधनावर ती करावी.

या दोन ओळींमुळे कोण कोण गळते ते पाहण्यासारखे आहे. घरापासून स्टेशनपर्यंत तीन किलोमीटर सायकल चालवणारी, तिथे ती लावून पुढे वीस किलोमीटर रेल्वेने जाणारी व्यक्ती रेल्वेची प्रवासी म्हणून नोंदली जाते. आठवड्यातून दोन दिवस सायकलने आणि तीन दिवस बसने जाणारी व्यक्ती बसची ठरते. उन्हाळ्यात सायकल चालवून थंडीत ती गुंडाळून ठेवणाऱ्याचे उत्तर जनगणना कोणत्या महिन्यात आली यावर अवलंबून राहते. 2001 ची जनगणना एप्रिलच्या अखेरीस झाली आणि 2011 ची मार्चच्या अखेरीस. ब्रिटनच्या हवेत या एका महिन्याने संध्याकाळच्या उजेडातही फरक पडतो आणि पावसाळी गारठ्यातही. हा फरक किती माणसांना हलवतो ते आकड्यांतून काढता येत नाही, पण तो असलाच तर 2011 चा आकडा कमी दाखवणारा असेल, जास्त नव्हे.

या पद्धतीला दोष देणे सोपे असले तरी तसे करणे मला न्याय्य वाटत नाही. दशकानुदशके जवळपास त्याच शब्दांत विचारलेला आणि प्रत्येक घरातून उत्तर मिळवणारा प्रश्न दुसऱ्या कोणत्याही सर्वेक्षणाकडे नाही. राष्ट्रीय प्रवास सर्वेक्षणात लोक सात दिवसांची प्रवास-डायरी भरतात, त्यामुळे त्यात लहान टप्पेही सापडतात आणि अधूनमधून सायकल चालवणारेही. परंतु त्याचा नमुना एखाद्या शहरातील एखाद्या भागाविषयी काही खात्रीने सांगण्याइतका मोठा नसतो. रस्त्यावरील स्वयंचलित मोजणी यंत्रे अचूक असतात, मात्र ती सायकली मोजतात, माणसे नव्हे. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारा एकच जण त्यांच्या लेखी दोन असतो, आणि तो कामावर निघाला आहे की फिरायला, हे त्यांना समजण्याचा मार्ग नाही.

लंडनमध्ये काय घडले

लंडनमधील सायकलस्वारांची संख्या दुप्पट का झाली, याची उत्तरे देताना बहुतेक लेखनात भाड्याच्या सायकलींची योजना आणि निळ्या रंगाचे ‘सायकल महामार्ग’ यांचा उल्लेख पहिल्याने येतो. तारखा पाहिल्या तर हे उत्तर टिकत नाही. भाड्याच्या सायकलींची योजना 30 जुलै 2010 रोजी सुरू झाली आणि पहिले दोन सायकल महामार्गही त्याच महिन्यात खुले झाले. जनगणना झाली 27 मार्च 2011 रोजी, म्हणजे अवघ्या आठ महिन्यांनी, आणि त्यातले बरेचसे महिने हिवाळ्याचे. दहा वर्षांतील वाढीचे श्रेय शेवटच्या आठ महिन्यांत आलेल्या गोष्टींना देता येणार नाही. शिवाय त्या सुरुवातीच्या महामार्गांवर अनेक ठिकाणी रस्त्यावर निळा रंग फासण्यापलीकडे फार काही नव्हते. बो येथील चौकात 2011 च्या शरद ऋतूत काही आठवड्यांच्या अंतराने दोन सायकलस्वार मरण पावले, आणि केवळ रंगाने संरक्षण मिळत नाही ही टीका त्यानंतर अधिकच तीव्र झाली.

दुसरे नेहमीचे उत्तर म्हणजे नोकरदारांना पगारातून हप्ते कापून, करसवलतीसह सायकल घेऊ देणारी ‘सायकल टू वर्क’ योजना. तिची कायदेशीर तरतूद 1999 ची आहे आणि तिचा प्रसार 2005 नंतर वाढला, त्यामुळे काळ जुळतो. पण ती देशभर लागू होती. जी सवलत लंडनच्या नोकरदाराला मिळत होती तीच हलमधल्यालाही मिळत होती, तेव्हा एका ठिकाणी दुप्पट वाढ आणि दुसऱ्या ठिकाणी घट या फरकाचे कारण तिच्यात शोधता येत नाही. तिचा उपयोग झाला नाही असा याचा अर्थ नाही. जिथे सायकल चालवावीशी वाटण्याची इतर कारणे होती तिथे तिने मदत केली असेल, आणि जे आधीपासूनच सायकल चालवत होते त्यांना नवी, चांगली सायकल स्वस्तात घेऊ दिली असेल, जे मोजणीत वाढ म्हणून कधीच दिसणार नाही.

तिसरे उत्तर अधिक वजनदार आहे. फेब्रुवारी 2003 मध्ये मध्य लंडनमध्ये मोटार नेण्यासाठी दिवसाला 5 पौंडांचे कोंडी शुल्क लागू झाले आणि जुलै 2005 मध्ये ते 8 पौंड झाले. त्याच महिन्यात, 7 जुलै रोजी, भुयारी रेल्वे आणि एका बसवर बॉम्बहल्ले झाले आणि काही काळ लोक त्या वाहनांपासून दूर राहिले. मात्र इथेही एक बारकावा निसटता कामा नये. मध्य लंडनमध्ये कामाला येणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक शुल्क येण्यापूर्वीही मोटारीने नव्हे, तर रेल्वेने आणि भुयारी रेल्वेनेच येत होते. त्यामुळे शुल्क चुकवण्यासाठी मोटार सोडून सायकल घेतली, अशी सरळ साखळी फार थोड्यांच्या बाबतीत लागू पडते. शुल्काचा परिणाम बहुधा आडवळणाने झाला: रस्त्यावरील मोटारी कमी झाल्या, त्यामुळे सायकल चालवणे काहीसे कमी भयावह झाले, आणि गच्च भरलेल्या, महागड्या भुयारी रेल्वेला कंटाळलेल्या माणसासमोर एक पर्याय उभा राहिला. सायकलकडे वळलेले लोक मुख्यतः मोटारीतून उतरलेले नसून रेल्वेगाडीच्या दारात उभे राहून प्रवास करणारे होते, असे मानण्यास जागा आहे. प्रदूषणाच्या हिशेबाने हे थोडे निराशाजनक, पण सार्वजनिक वाहतुकीवरील ताणाच्या हिशेबाने मोलाचे.

हॅकनीचा प्रश्न

लंडनच्या आतही वाढ सारखी पसरलेली नाही. ती मुख्यतः मध्यभागाला लागून असलेल्या आतल्या विभागांत एकवटली आहे आणि त्यात हॅकनी सर्वांत पुढे आहे. तिथे सायकलने कामावर जाणाऱ्यांचा वाटा दहा वर्षांत दुपटीहून अधिक होऊन 2011 मध्ये सुमारे 15 टक्क्यांवर पोहोचला. याची काही कारणे अगदी जमिनीवरची आहेत. हॅकनीच्या बहुतेक भागाला भुयारी रेल्वेचे स्टेशन नाही, मध्यवर्ती लंडन तिथून सायकलने सहज गाठता येते, आणि स्थानिक परिषदेने अनेक वर्षे निवासी गल्ल्यांतून मोटारींची आरपार ये-जा रोखण्याचे काम चालवले होते.

परंतु याच दशकात हॅकनीची वस्तीही बदलली. घरांच्या किमती चढल्या आणि तरुण, सुशिक्षित, बहुधा अपत्यहीन नोकरदार मोठ्या संख्येने तिथे राहायला आले. हा वर्ग अन्यत्रही सायकलकडे अधिक झुकलेला दिसतो. तेव्हा हॅकनीतील जुन्या रहिवाशांनी सायकल हाती घेतली की सायकल चालवणारे लोक हॅकनीत राहायला आले? जनगणना दर दहा वर्षांनी काढलेले छायाचित्र असते. दोन छायाचित्रांत गर्दी वाढलेली दिसली तरी त्यातले चेहरे तेच आहेत का, हे छायाचित्र सांगत नाही. धोरणाच्या दृष्टीने मात्र या दोन शक्यतांमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिली खरी असेल तर हॅकनीत केलेले उपाय दुसरीकडे केले की तिथेही वाढ अपेक्षित धरता येईल. दुसरी खरी असेल तर एका विभागातील वाढ ही दुसऱ्या विभागातून उचलून आणलेली असेल. लंडनची एकूण संख्याच दुप्पट झाली असल्यामुळे सगळे श्रेय स्थलांतराला देता येत नाही, एवढे तरी निश्चित म्हणता येते. माझा कल दोन्ही कारणे एकमेकांना खतपाणी घालत होती असे मानण्याकडे आहे.

घटलेले सायकलस्वार कोण होते

वाढीविषयी एवढे लिहिले जाते, तर घटीविषयी फारच थोडे. ग्रेट ब्रिटनमध्ये 1949 साली सायकलवर एकूण सुमारे 23.6 अब्ज किलोमीटर प्रवास झाला होता आणि रस्त्यावरील एकूण वाहतुकीत त्याचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहून कमी नव्हता. 1973 पर्यंत तो प्रवास 3.7 अब्ज किलोमीटरवर आला. 1949 च्या त्या आकड्यात कारखान्याच्या, गोदीच्या आणि गिरणीच्या पाळीला जाणारा कामगार मोठ्या संख्येने होता, ज्याच्याकडे मोटार नव्हती आणि ज्याचे घर कामाच्या फाटकापासून चार-पाच किलोमीटरच्या आत होते. मोटार परवडू लागली, मोठे कारखाने बंद पडले, नवे रोजगार शहराबाहेरच्या हमरस्त्यालगतच्या गोदामांत आणि संकुलांत गेले, आणि हा सायकलस्वार हळूहळू संपत गेला. हलसारख्या शहरांतील 2001 ते 2011 मधील घट ही त्याच जुन्या ओहोटीचा शेवटचा भाग मानता येते.

म्हणून 2.8 टक्क्यांमागे दोन वेगळे वर्ग आहेत. एकाला दुसरा पर्याय नव्हता म्हणून तो सायकल चालवत होता आणि पर्याय मिळताच त्याने ती सोडली. दुसऱ्याकडे पर्याय होते आणि तरीही त्याने सायकल निवडली. वृत्तपत्रांतून दिसतो तो दुसरा, कारण तो लिहितो, बोलतो आणि परिषदेच्या बैठकीत प्रश्न विचारतो. पहिला जाताना कोणी दखल घेतली नाही. सायकल वाढली म्हणण्याचा अर्थ बऱ्याचदा इतकाच असतो की सायकलस्वाराचा सामाजिक स्तर बदलला.

स्त्री-पुरुषांतील तफावतही याच ठिकाणी नोंदवायला हवी. 2011 मध्ये काम करणाऱ्या पुरुषांपैकी 3.9 टक्के सायकलने कामावर जात होते, स्त्रियांपैकी 1.6 टक्के. ज्या देशांत वेगळे, सुरक्षित सायकलमार्ग सर्वत्र आहेत, उदाहरणार्थ नेदरलँड्स, तिथे स्त्रिया पुरुषांइतक्याच, किंबहुना थोड्या अधिक प्रमाणात सायकल चालवतात. तेव्हा या तफावतीचे कारण आवडीनिवडीत शोधण्याऐवजी रस्त्यात शोधणे योग्य ठरेल.

2021 आणि त्यानंतर

पुढची जनगणना 21 मार्च 2021 रोजी झाली, तेव्हा कोविडचे निर्बंध लागू होते. काम करणाऱ्यांपैकी 31.2 टक्के लोकांनी घरून काम करत असल्याचे सांगितले आणि सायकलने कामावर जाणाऱ्यांचा वाटा सुमारे दोन टक्क्यांवर उतरला. गंमत अशी की आदल्याच वर्षी, 2020 मध्ये, ग्रेट ब्रिटनच्या रस्त्यांवरील एकूण सायकल प्रवास 2019 च्या तुलनेत सुमारे 46 टक्क्यांनी वाढून 5 अब्ज मैलांच्या घरात गेला होता. मोकळे रस्ते आणि बंद जिम यांमुळे लोक हौसेने सायकल चालवत होते, पण कामावर जाणेच थांबले होते. एकूण सायकल चालवणे वाढत असताना सायकलने कामावर जाणे घटू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही. निर्बंध उठल्यावर ती हौसही बरीच ओसरली.

दरम्यान लंडनमध्ये 2016 पासून निळ्या रंगाच्या जागी कठड्याने वेगळे केलेले सायकलमार्ग आले. लंडनच्या वाहतूक प्राधिकरणाने जाहीर केलेल्या माहितीनुसार थेम्सकाठच्या नव्या मार्गावर आणि ब्लॅकफ्रायर्स पुलावर सायकलींची संख्या थोड्याच महिन्यांत 50 टक्क्यांहून अधिक वाढली. हा आकडा वाचताना एक शंका बाजूला ठेवता येत नाही: यातले काही जण आधीपासूनच जवळच्या दुसऱ्या रस्त्याने सायकल चालवत असतील आणि चांगला मार्ग मिळताच इकडे वळले असतील. एका रस्त्यावरील वाढ म्हणजे शहरातील वाढ नव्हे, आणि नवा मार्ग बांधणारी यंत्रणाच मोजणी करत असेल तर हा प्रश्न आवर्जून विचारावा. शंकेला उत्तर देण्याचा मार्ग म्हणजे संपूर्ण भागाभोवती मोजणी करणे. वित्तसंस्थांचे केंद्र असलेल्या सिटी ऑफ लंडनमध्ये ठरावीक वर्षांनी तशी मोजणी अनेक रस्त्यांवर एकाच वेळी होते, आणि 2024 मध्ये तिथे सायकली 2022 च्या तुलनेत 50 टक्क्यांहून अधिक वाढलेल्या आढळल्या. त्या भागात वस्ती अगदी थोडी आणि कार्यालये प्रचंड असल्यामुळे ही वाढ मुख्यतः कामावर जाणाऱ्यांची आहे असे धरून चालायला हरकत नाही. त्यात कोठेही घेता आणि सोडता येणाऱ्या भाड्याच्या सायकलींचा मोठा हात आहे.

या वाढीतले किती जण पुढच्या जनगणनेत सायकलस्वार म्हणून दिसतील, हा वेगळा भाग आहे. आता अनेक कार्यालयांत मंगळवार ते गुरुवार हजेरी असते आणि सोमवार-शुक्रवार घरून काम चालते. तीन दिवस कार्यालयात येणारी, त्यातले दोन दिवस सायकलने आणि एक दिवस रेल्वेने येणारी व्यक्ती ‘सहसा कसे जाता’ या प्रश्नापुढे कोणती चौकट निवडेल? सायकल दोन दिवस, घर दोन दिवस आणि रेल्वे एक दिवस, अशी तिची वाटणी आहे. प्रश्न असाच राहिला, तर अशी काही माणसे घरून काम करणाऱ्यांच्या चौकटीत खूण करून मोकळी होऊ शकतात आणि रस्त्यावर दिसणारी वाढ कागदावर घट म्हणून उतरू शकते. आठवड्यातील प्रत्येक दिवसाचे साधन वेगळे विचारले आणि स्टेशनपर्यंतच्या टप्प्यालाही एक जागा दिली, तर अर्ज काही ओळींनी लांबेल आणि जुन्या आकड्यांशी होणारी तुलना तुटेल. सांख्यिकी कार्यालयापुढचा पेच हा आहे, आणि जुनी मालिका अखंड ठेवण्यापेक्षा निदान एकदा दोन्ही प्रश्न शेजारी-शेजारी विचारून पाहणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.